अ‍ॅक्टिंगच्या रेझ्युमेत काय ठेवायचं, काय गाळायचं : आपल्या खान्देशातल्या नटांसाठी

आपल्या जळगाव-धुळे-नंदुरबारकडून मुंबईला जे रेझ्युमे जातात ना, त्यांच्यात एक गंमत कायम दिसते. ज्या ओळी गाळायला पाहिजे त्या ठळक अक्षरात सगळ्यात वर, आणि ज्यांच्यामुळे समोरचा माणूस जरा थांबला असता त्या एकतर खाली कुठंतरी दडपलेल्या नाहीतर लिहिलेल्याच नाहीत. म्हणजे 'अमुक सिरीयलमध्ये काम केले' हे वर, आणि काम काय तर लग्नाच्या सीनमध्ये मागच्या रांगेत खुर्चीवर बसले होते. आणि राज्य नाट्य स्पर्धेत दोन अंक स्टेज अंगावर घेतला त्याचा पत्ताच नाही. का, तर "ते हौशी ए भो, मुंबईत कोण विचारतं त्याले". विचारतात. तेच विचारतात.

आता हा रेझ्युमे वाचतं कोण ते आधी बघू. डायरेक्टर पहिल्या फेरीत क्वचितच वाचतो. वाचतो कास्टिंगवाल्याचा असिस्टंट, अंधेरीला आरामनगरात नाहीतर अशाच कुठल्यातरी खोलीत बसून, मोबाइलवर, व्हॉट्सअ‍ॅपवर येऊन पडलेल्या ढिगातून. त्याच्यासमोर एका कॅरेक्टरचं ब्रीफ असतं, समजा 'वय ४५ ते ५५, शेतकरी, गावाकडची बोली, रापलेला चेहरा'. तो आधी फोटो बघतो, मग वय-उंची, मग इन्ट्रो व्हिडिओ, आणि हे जमतंय असं वाटलं तरच आधी काय काय केलंय तिकडं नजर टाकतो. त्या नजरेत त्याला कळायला पाहिजे की याच्यावर आधी कोणी भरवसा टाकलाय, केवढा टाकलाय, आणि खात्री करायची झाली तर फोन कोणाला लावायचा. क्रेडिट क्रेडिट म्हणतात ते एवढंच. म्हणून एका ओळीत कामाचं नाव, तुमची भूमिका आणि ती केवढी, आणि दिग्दर्शक किंवा प्रॉडक्शन किंवा संस्था. यातलं काही सांगताच येत नसेल तर ती ओळ डळमळीत आहे असं धरून चाला.

आपल्याकडची बरीच पोरं रेझ्युमे लग्नाच्या बायोडाट्यासारखा लिहितात, वर गणपती, मग वडिलांचा व्यवसाय, शेती किती एकर, दहावीचे मार्क, एमएस-सीआयटी, आवड क्रिकेट आणि प्रवास. हे सगळं उडवा. एक पान पुरतं. नाव, फोन, सध्या राहायला कुठं, उंची, कुठल्या वयाचे दिसू शकता ते, भाषा, आणि मग कामं. वय लिहिताना खऱ्या वयापेक्षा पडद्यावर शोभेल तो पट्टा लिहा, २४ ते ३० असा.

आता मुख्य भांडणाचा मुद्दा, क्राउड. मालिकेत, सिनेमात मागं उभं राहिलेलं लिहायचं का? नाही लिहायचं. जूनियर आर्टिस्टचं काम हलकं म्हणून नाही बरं का, दिवसभर उन्हात भरजरी कपड्यात उभं राहून बघा म्हणजे कळेल, त्या लोकांची मुंबईत स्वतःची संघटना आहे आणि ते पोटापाण्याचं पक्कं काम आहे. पण त्यात अभिनयाची जबाबदारी कोणी तुमच्यावर टाकलेली नसते, म्हणून नटाच्या रेझ्युमेत ते धरत नाहीत, आणि हे फक्त मुंबईतच नाही, अमेरिकेतल्या नटांच्या रेझ्युमेतही बॅकग्राउंडचं काम लिहीत नाहीत. उलट ते लिहिलं की वाचणाऱ्याला वाटतं याच्याकडं दुसरं काहीच नसणार, आणि मग खालची चांगली ओळ त्याच नजरेनं वाचली जाते.

पण एक डायलॉग असेल तर? इथं मी साधी कसोटी लावतो. तुम्हाला त्या सीनमधून काढलं तर सीन अडतो का? दारात येऊन "पाटील, तुमच्या पोराला पोलीस घेऊन गेले" असं सांगणारा एकच वाक्य बोलतो, पण तो आला नाही तर पुढचं काही होतच नाही. ही भूमिका आहे, लिहा, 'निरोप्या, एक सीन' असं सरळ लिहा. हीरोच्या मागं दहा जणांबरोबर "हो हो, बरोबर आहे" म्हटलं असेल तर तो आवाज झाला, भूमिका नाही.

भूमिका केवढी हे सांगायला इंडस्ट्रीत जे शब्द चालतात ते नीट वापरा. लीड म्हणजे लीड. पॅरलल लीड म्हणजे ज्याची स्वतःची गोष्ट कथेत शेवटपर्यंत चालते तो. कॅरेक्टर रोल म्हणजे काका, मुनीम, इन्स्पेक्टर, शेजारीण, ज्यांना नाव आहे आणि बरेच सीन आहेत. एपिसोडिक म्हणजे एका-दोन भागांपुरते आले आणि गेले. आणि कॅमिओ हा शब्द तर नव्या माणसानं लिहूच नये, कॅमिओ म्हणतात ओळखीच्या मोठ्या नटानं सहज येऊन केलेल्या छोट्या भूमिकेला, चाळीसगावच्या नवख्या पोरानं स्वतःच्या दोन वाक्यांना कॅमिओ म्हटलं की असिस्टंट तो स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकून हसतात.

आणि फुगवू नका. एपिसोडिकचं कॅरेक्टर करायचं, कॅरेक्टरचं पॅरलल लीड करायचं, हा मोह सगळ्यांनाच होतो, पण मराठी इंडस्ट्री लहान आहे हो, एका मालिकेचा असिस्टंट डायरेक्टर पुढच्या वर्षी दुसऱ्या मालिकेला असोसिएट असतो, आणि तो नेमका तिथं बसलेला असतो आणि म्हणतो "याला मी ओळखत नाही, आमच्याकडं कधी होता हा?" झालं, संपलं, मग खरंखुरं रौप्यपदकसुद्धा खोटं वाटायला लागतं.

आता आपल्या नाटकाकडं येतो, कारण खरा माल तिथं आहे. सांस्कृतिक कार्य संचालनालयाची राज्य नाट्य स्पर्धा जळगाव केंद्रावर होते, तिला जो हौशी म्हणून नाक मुरडतो त्यानं एवढं लक्षात घ्यावं की तिथं पूर्ण लांबीचं नाटक, परीक्षक समोर, रिटेक नाही. अभिनयाचं रौप्यपदक किंवा गुणवत्ता प्रमाणपत्र मिळालं असेल तर ते त्याच ओळीत भूमिकेच्या शेजारी लिहा, वेगळ्या 'पुरस्कार' नावाच्या यादीत नको. तिथं ते निबंध स्पर्धेच्या उत्तेजनार्थ बक्षिसाशेजारी जाऊन बसतं आणि त्याची किंमत जाते. पुरुषोत्तम करंडक केला असेल तर तो नक्की, पुण्याची महाराष्ट्रीय कलोपासक ही संस्था १९६३ पासून ती एकांकिका स्पर्धा घेते आणि मराठीत कास्टिंग करणाऱ्या बऱ्याच जणांनी स्वतः कधीतरी ती केलेली असते, त्यामुळं ओळख सांगत बसावी लागत नाही.

युवारंगचं काय? जळगावच्या आपल्या विद्यापीठाचा युवक महोत्सव, त्यात एकांकिका, प्रहसन, मूकनाट्य, मिमिक्री, वक्तृत्व सगळंच असतं आणि पोरं पाचही सर्टिफिकेटं पाच ओळींत लिहितात. एकांकिका ठेवा. मूकनाट्य ठेवा, अंगाची भाषा येते एवढं त्यातून कळतं. मिमिक्री खाली 'इतर कौशल्यं' मध्ये टाका, वक्तृत्व सोडा. तिथून पुढं इंद्रधनुष्यला, म्हणजे राज्यातल्या विद्यापीठांच्या महोत्सवाला, किंवा झोनलला, म्हणजे त्याच्याही वरच्या विभागीय फेरीला, निवड झाली असेल तर तेवढंच लिहा, खालची फेरी आपोआप कळते. आणि हो, विद्यापीठाला बहिणाबाईंचं नाव २०१८ ला लागलं, त्याआधीच्या सर्टिफिकेटवर नुसतं उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ आहे, तर दोन्ही नावं दोन ओळींत आली की बाहेरच्याला ती दोन वेगळी विद्यापीठं वाटतात. एकच नाव लिहा, आत्ताचं.

एक उदाहरण नीट उलगडून बघू. समजा पारोळ्याचा एक पोरगा आहे, २७ वर्षांचा, कॉलेजपासून नाटक करतोय. त्याच्या पानावर वरून खाली असं आहे : एका मालिकेत गर्दीत, दुसऱ्या मालिकेत हवालदार, चार अहिराणी गाण्यांचे अल्बम, व्ह्यूज लाखात, शाळेच्या गॅदरिंगमध्ये अफजलखान, दोन दिवसांचं अभिनय शिबिर, मतदार जागृतीची नऊ पथनाट्यं गावांच्या नावांसकट, आणि सगळ्यात शेवटी 'राज्य नाट्य स्पर्धा सहभाग'. हा 'सहभाग' शब्द बघा. त्याला विचारलं सहभाग म्हणजे काय रे, तर म्हणतो मेन रोल होता, पासष्ट वर्षांच्या बापाचा, आणि गुणवत्ता प्रमाणपत्र पण आहे. अरे मग सहभाग काय लिहितो, सहभाग तर पडदा ओढणाऱ्याचाही असतो.

त्याचं पान मी असं लावीन. पहिला गट नाटक. त्यात पहिली ओळ राज्य नाट्यची : नाटकाचं नाव, 'नाना, मुख्य भूमिका', दिग्दर्शक, जळगाव केंद्र, अभिनय गुणवत्ता प्रमाणपत्र. खाली दोन-तीन एकांकिका, फक्त ज्यात भूमिका एकमेकींपेक्षा वेगळ्या आहेत त्या, एकात तो त्याच्या वयाचा बेरोजगार पोरगा असेल आणि एकात सावकार असेल तर दोन्ही ठेवायच्या, तिन्हींत कॉलेजकुमारच असेल तर एकच. दुसरा गट मालिका, तिथं एकच ओळ : हवालदार, एपिसोडिक, दोन भाग, चॅनल आणि प्रॉडक्शन हाउस. गर्दी गेली. गॅदरिंगचा अफजलखान गेला, त्याचा कितीही जीव अडकलेला असला तरी. पथनाट्यं नऊ ओळींची एक ओळ झाली, 'पथनाट्य, मतदार जागृती, जळगाव आणि धुळे जिल्हा, संस्थेचं नाव'. ती ओळ मात्र ठेवायचीच. माइक नसताना बाजाराच्या दिवशी चौकात आवाज पोचवणं हे ज्याला माहितीय त्याला त्या एका ओळीतून बरंच काही दिसतं.

पण हेच पान त्यानं मालिकेच्या ऑडिशनला पाठवलं तर गडबड होते. स्टेजवर २७ चा पोरगा पासष्टीचा बाप करतो, पांढरी पावडर, काठी, वाकलेली पाठ, आणि पब्लिक मान्य करतं. कॅमेऱ्याला ते चालत नाही, तिथं पासष्टीच्या बापासाठी पासष्टीचाच माणूस घेतात. म्हणून मालिकेच्या पानावर त्यानं मालिकेचा गट वर घ्यायचा, आणि नाटकात आधी बेरोजगार पोरगा, मग नाना. नाना काढायचा नाही, प्रमाणपत्र आहे त्याला, फक्त खाली सरकवायचा. म्हणजे एकच रेझ्युमे सगळीकडं पाठवायचा नसतो, नाटकवाल्यांना एक, कॅमेऱ्यासाठी एक, डबिंग करत असाल तर आवाजाचा तिसरा. खोटं कशातच नाही, क्रम तेवढा वेगळा.

अहिराणी अल्बमचं जरा बोलू, कारण खान्देशात आज कॅमेऱ्यासमोर उभं राहायची सर्वात सोपी जागा तीच आहे, आणि मालेगावपासून भुसावळपर्यंत कॉमेडीचे व्हिडिओ काढणारे पण पुष्कळ. यातलं काय लिहायचं? गाण्यात नुसतं नाचला असाल तर 'डान्स' मध्ये टाका, भूमिकेत नको. कॉमेडी व्हिडिओत बोलला असाल, चेहरा नीट दिसतोय, आवाज साफ आहे, तर लिहा आणि लिंक द्या, पण लिंक थेट तुमच्या सीनच्या मिनिटाची द्या, वीस मिनिटांचं पूर्ण बघायला कोणाकडं वेळ आहे? व्ह्यूजचा आकडा शक्यतो नको. तो चॅनलचा असतो, तुमचा नसतो. आणि ज्या व्हिडिओत आवाज फाटलाय, लाइट गेलेला आहे, तो लिहिण्यापेक्षा न लिहिलेला बरा, लिंक दिली म्हणजे ते बघणारच आणि तेवढ्यावरच ठरवणार.

वहीगायन, सोंग, तमाशा हे तर कोणी लिहीतच नाही. माझं म्हणणं, हे सगळ्यात मोठं नुकसान आहे. ज्यानं रात्रभर चालणाऱ्या वहीच्या कार्यक्रमात गायलंय किंवा यात्रेत सोंग आणलंय त्याच्याकडं लय, ताल, पब्लिकला धरून ठेवणं हे सगळं आहे, आणि गावाकडच्या गोष्टी सांगणारे डायरेक्टर असं माणूस हुडकतच असतात. लिहिताना मात्र दोन शब्द जास्त लिहा, 'वहीगायन, खान्देशातला लोकगायन प्रकार, झीलकरी म्हणून', कारण वाचणारा कदाचित गिरगावातला असेल आणि त्याला वही म्हटलं की दोनशे पानी वहीच आठवेल.

भाषेची ओळ हे क्रेडिट नाही, पण आपल्यासाठी ती क्रेडिटइतकीच कामाची आहे. बहुतेक जण 'मराठी, हिंदी, इंग्रजी, ग्रामीण मराठी' लिहितात. ग्रामीण म्हणजे कुठलं हो? वाचणाऱ्याच्या डोक्यात ग्रामीण म्हणजे बहुतेक कोल्हापूर-सातारा नाहीतर विदर्भ. तुम्हाला अहिराणी येते तर अहिराणी लिहा. यावल-रावेरकडचे असाल आणि घरात लेवा बोलत असाल, बहिणाबाईंच्या गाण्यातली बोली, तर लेवा वेगळी लिहा, जामनेरकडची तावडी वेगळी. नंदुरबार-शहाद्याकडच्यांना भिली, पावरी येते, कित्येकांना गुजराती घरच्यासारखी येते, आणि ते बिचारे लिहीतच नाहीत, काहींना तर लाज वाटते. इन्ट्रो व्हिडिओत नाव-गाव सांगून झालं की वीस-तीस सेकंद त्या बोलीत बोला, "काय करी ऱ्हायना भो" एवढ्यावर थांबू नका, एखादा छोटा प्रसंग सांगा, कारण एक वाक्य तर पाठ करून कोणीही म्हणतं.

कौशल्यांतही हाच न्याय. पोहणं, बुलेट, ट्रॅक्टर, बैलगाडी हाकणं, ढोलकी, लाठी, जे सांगाल ते उद्या सकाळी सात वाजता सेटवर करून दाखवायला लागेल असं समजून लिहा. तापीत लहानपणी डुंबलो म्हणजे स्विमिंग येतं असं नाही.

आता काही अडनिडे प्रश्न, जे मेसेजमध्ये नेहमी येतात.

शूट झालं पण अजून रिलीज नाही, तर लिहायचं का? लिहायचं, शेजारी 'पोस्ट-प्रॉडक्शन' लिहायचं, पण गुप्ततेच्या कागदावर सही केली असेल तर नाव न घेता 'मराठी वेब सिरीज, कॅरेक्टर रोल' एवढंच. तीन वर्षं तेच 'लवकरच प्रदर्शित' दिसत असेल तर काढून टाका आता. एडिटमध्ये सीन उडाला तर ओळही उडवा, वाईट वाटतं, पण कोणी बघायला गेलं आणि तुम्ही दिसलाच नाहीत तर कोणाकोणाला समजावत बसणार? ऑडिशनमध्ये शॉर्टलिस्ट झालो, लुक टेस्टपर्यंत गेलो, ही कामं नाहीत, ती आईला सांगायची.

जाहिरात केली असेल तर ब्रँड लिहा, आणि करार अजून चालू आहे का तेही तोंडपाठ ठेवा, कारण जाहिरातीच्या कास्टिंगला पहिला प्रश्न हाच असतो की याच प्रकारच्या दुसऱ्या मालाची जाहिरात केलीय का. एका चहाचा चेहरा असताना दुसऱ्या चहाला उभं करत नाहीत.

निवेदन, अँकरिंग, केबलवर बातम्या वाचणं, हे अभिनयाच्या गटात घुसडू नका, पण फेकूही नका, 'कॅमेऱ्यासमोरचं इतर काम' असा छोटा गट करा. आपल्या शिरपूरच्या शिवाजीराव पाटलांची लेक स्मिता पाटील, ती सिनेमाआधी मुंबई दूरदर्शनवर बातम्याच वाचायची आणि श्याम बेनेगलांच्या नजरेत तिथूनच भरली. त्यामुळं त्या ओळीला हलकं समजू नका, फक्त जागेवर ठेवा.

ट्रेनिंगमध्ये लोक सर्रास एक चलाखी करतात. एनएसडीच्या, म्हणजे दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाच्या, शिबिराला गेले आणि लिहिलं 'एनएसडी'. एनएसडी म्हटलं की वाचणारा दिल्लीचा तीन वर्षांचा कोर्स समजतो, आणि पहिल्या मिनिटाला विचारतो कुठली बॅच. 'एनएसडीचं शिबिर, अमुक आठवडे, मार्गदर्शकाचं नाव' लिहा, तेवढंही पुष्कळ वजनदार आहे. जळगावचं मू. जे. कॉलेज किंवा पुण्याचं ललित कला केंद्र असं पूर्ण शिक्षण असेल तर वर घ्या. मोठ्या नटाचं एका दुपारचं भाषण ऐकलं ते ट्रेनिंग नव्हे, त्याच्यासोबतचा सेल्फी तर नाहीच नाही.

आणि पैसे देऊन मिळालेला रोल. "इतके भरा, सिरीयलमध्ये रोल पक्का, प्रोफाइल बनेल" असं सांगणारे आपल्या जिल्ह्यांमध्ये फिरतात, पोरं घरून उसने घेऊन भरतात आणि शेवटी गर्दीतच उभी राहतात. खरं कास्टिंग ऑडिशनचे पैसे घेत नाही. असल्या कामाची ओळ लिहून काही मिळणार नाही, उलट पुढचा ठग त्याच ओळीवरून तुम्हाला ओळखतो की हा भरणारा आहे.

काहीच केलं नसेल तर? रिकाम्या गटांची हेडिंगं ठेवू नका, 'चित्रपट : —' असं अजिबात नको. कॉलेजची एकांकिका, पथनाट्य, मीडियाच्या विद्यार्थ्यांची एखादी शॉर्ट फिल्म, शिबिर, भाषा. चार ओळींचं खरं पान पाठवा, नवीन आहे हे त्यांना चालतं. शाळेचं गॅदरिंग तेवढं याच टप्प्यावर एखादं ठेवलं तर चालून जाईल, पहिली खरी भूमिका मिळाली की काढा.

नावाचं पण बघा. आपल्याकडं पाटील आणि चौधरी एवढे की नुसतं नाव-आडनाव लिहिलं तर त्याच नावाचे चार जण सापडतात. वडिलांचं नाव मध्ये घ्या नाहीतर गावाचं लावा, पण जे ठरवाल तेच सगळीकडं, रेझ्युमेत, टायटलमध्ये, इन्स्टावर, आयएमडीबीवर. फाइलचं नावसुद्धा 'न्यू रेझ्युमे फायनल २' नको, तुमचं नाव आणि वयाचा पट्टा टाका, पीडीएफ पाठवा, वर्डची फाइल मोबाइलवर उघडली की सगळे रकाने विस्कटतात.

गाळलेलं मात्र फेकून देऊ नका. घरी एक मोठी फाइल ठेवा, त्यात गॅदरिंगपासून सगळं, तारीख, दिग्दर्शकाचा नंबर, सर्टिफिकेटचा फोटो, प्रयोगाचा एखादा व्हिडिओ. कधी कोणी अहिराणी सिनेमा काढतो आणि विचारतो वहीवाला माणूस आहे का, कधी कोणाला मूकनाट्य केलेला पोरगा पाहिजे असतो, तेव्हा त्या फाइलमधली ओळ काढून त्या दिवसापुरती वर लावायची.